नकाशात पिवळा

एकतीस वर्षं मी हा देश
एकाच खडूनं रंगवला. पिवळा.
साक्रीच्या शाळेत, फळ्याच्या उजव्या अंगाला
अरबस्तानचा जोडा काढायचे,
जोड्याच्या चवड्याशी ओमान.
हवामान उष्ण, कोरडे. उत्पन्न खजूर, तेल.
प्रमुख नद्या: नाहीत.

"मग माणसं पितात काय, बाई?"
शेवटच्या बाकावरून दगा अहिरे.
मी म्हटलं, खाली बस.

आता भाच्याच्या गाडीत पुढच्या सीटवर,
पाय सुजलेले, पर्समध्ये बडीशेप,
आणि काचेबाहेर डोंगर,
सोलून ठेवल्यासारखे,
अंगावर गवताची काडी नाही,
तरी किती रंग! वांग्याचा, गंजाचा, राखेचा,
एक तर थेट आमच्या जुन्या पितळी हंड्याच्या बुडाचा.
कोणत्या खडूनं काढायचे होते हे?

पहिल्या दिवशी हर्षलनं एक खड्डा दाखवला,
समुद्राजवळ, खोल, तळाला पाणी.
इथले लोक म्हणतात, तारा पडला.
चुनखडी विरघळली, मी सांगितलं,
कुणी विचारलं नव्हतं.
मग खाली वाकून पाहिलं
आणि गप्प बसले.
कावीळ उतरल्यावर पहिल्यांदा दिसावं
तसं हिरवं होतं ते.

पण सांगायचं आहे ते मिस्फातचं.
डोंगराला चिकटलेलं गाव, मातीची घरं,
उतरत्या पायऱ्या, मी एकेक मोजत,
हर्षल फोटो काढत पुढे गेलेला.
आधी आवाज आला.
मग गुडघ्याएवढ्या भिंतीवरून
वीतभर रुंद पाट
खजुरांच्या सावलीतून निवांत चाललेला,
जसा रोजच जातो.

एक म्हातारा आला, डोक्याला फडकं, पाय ओले.
पाटाच्या तोंडात चिंधी गुंडाळलेला दगड होता,
तो त्यानं काढला,
दुसऱ्या तोंडात दाबून बसवला
टाचेनं.

टाचेनंच. माझे वडील असंच करायचे.
पांझरेच्या फडात पाटकरी होते ते,
रात्री कंदील घेऊन दारं धरायला जायचे,
कुणाची पाळी किती, त्यांना तोंडपाठ,
आणि चोरून पाणी वळवणाऱ्याच्या
सात पिढ्याही तोंडपाठ.

त्याला थोडी हिंदी येत होती, मला जेमतेम.
नाव खमीस. म्हणजे गुरुवार.
आमच्याकडे सोमा असतात, मंगळू, बुधा,
गुरुवारचा माणूस मला इथे भेटायचा होता.
पूर्वी पाळी सावलीवर मोजत, तो म्हणाला,
रात्री ताऱ्यांवर.
आणि आता?
त्यानं खिशातून मोबाईल काढला, हसला.
दात दोनच होते.

तुमचं गाव कुठं, त्यानं विचारलं.
मी पाटात बोट बुडवलं
आणि तापलेल्या भिंतीवर काढू लागले:
ही पांझरा. हा बंधारा.
हा कालवा, हे फड, इथे ऊस, इथे बाजरी,
इथे आमचं...
घरापर्यंत बोट पोचेतो
नदी वाळून गेली होती.
पुन्हा काढली. पुन्हा वाळली.
खमीस मान डोलावत होता,
त्याला कळलं होतं, की तो नुसता सभ्य होता,
कुणास ठाऊक.

मग त्यानं मोबाईल पाहिला, उठला,
दगड हलवला.
पाणी आमच्यासमोरून गेलं,
खाली कुणाच्या तरी केळींकडे.
पाटाचा तळ उघडा पडला:
थोडं शेवाळ, एक खजुराची बी.

हर्षल वरून हाका मारतोय,
अजून किल्ला राहिलाय, बाजार राहिलाय.
येते म्हटलं.
दगा अहिरे आता कुठे असेल?
त्याला एक पत्र लिहायचंय,
पत्ता नाही.